४४३ नंबरचं दार

बसा.

खुर्ची थोडी पुढे ओढा. दोन्ही पावलं फरशीला टेकू द्या. फरशी गार आहे. तो गारवा तळव्यांना कळू द्या.

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. मुलुंड पूर्वेतली एक गल्ली. बाहेर पाऊस आहे, पण जोराचा नाही. खिडकीवरच्या पत्र्यावर एकेक थेंब वेगळा ऐकू यावा इतकाच. स्टेशनातून एक लोकल सुटते, ठाण्याच्या दिशेने. तिचा आवाज लांबत जातो, पातळ होतो.

तो पुरता संपेपर्यंत ऐका.

मग समोर बघा. काळी खिडकी. तिच्यात एक कर्सर, लुकलुकणारा. अजून काहीच टाइप केलेलं नाही.

एक श्वास आत. एक बाहेर.

आज एक दार बसवायचं आहे. एका वेबसाइटपुढे रिव्हर्स प्रॉक्सी उभा करायचा आहे, कंटेनरमध्ये. सराव असलेले हात हे काम पंधरा मिनिटांत उरकतात. आपण उरकायचं नाही. प्रत्येक ओळीपाशी जरा वेळ बसायचं.

आधी ती साइट मनात आणा.

समजा, एक वाचनालय आहे. लोखंडी कपाटं, कार्डांचे अरुंद खण, जुन्या कागदाचा वास. त्यांच्या पुस्तकांची यादी आता साइटवर आहे. चौकटीत नाव टाकलं की पुस्तक कपाटात आहे की कुणी नेलंय ते कळतं. मागे एक छोटं ॲप चालतं. ॲपच्या मागे डेटाबेस. डेटाबेसमध्ये पुस्तकं, आणि सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर.

इथे थांबा.

नावं, पत्ते, फोन नंबर. काउंटरवर उभं राहून, चष्मा कपाळावर सरकवून, सुवाच्य अक्षरात कुणीतरी भरून दिलेले.

तो फॉर्म डोळ्यांपुढे येऊ द्या. निळी शाई. खाली सही.

हे आत राहायला हवं. दार त्यासाठी आहे.

आता, हवं तर, डोळे मिटा.

तुमच्या सोसायटीचं गेट आठवा. बोरिवलीचं, घाटकोपरचं, अंधेरीचं, कुठलंही. आत ए विंग, बी विंग, सी विंग. रस्त्यावर मात्र गेट एकच. बाजूला वॉचमनची केबिन. रजिस्टर. दोऱ्याने बांधलेलं पेन. भिंतीवर इंटरकॉम. कुणी आलं की प्रश्न ठरलेला: कुठे जायचंय? नाव लिहून घेतलं जातं. वर फोन लागतो. मग उत्तर मिळतं.

रिव्हर्स प्रॉक्सीचं काम असंच चालतं. फरक एवढाच की इथे आलेला माणूस आत जातच नाही. प्रॉक्सी त्याचं म्हणणं ऐकून घेतो, स्वतः आत जातो, विचारतो, उत्तर घेऊन गेटवर परत येतो. बाहेरच्याला आतले जिने दिसत नाहीत. किती विंग आहेत तेही कळत नाही.

श्वास घ्या.

डोळे उघडा. गेट आता बाजूला ठेवू आणि खरं दार कुठे आहे ते बघू.

मशीन भाड्याचं आहे. ते चांदिवलीत आहे असं धरू. पवई आणि साकीनाक्याच्या मधली चांदिवली. तिथे डेटा सेंटर आहेत. आत रांगेने उभे रॅक, थंड हवा, पंख्यांची न थांबणारी घरघर, लहान हिरवे दिवे.

ती घरघर इथे ऐकू येत नाही. तरी कान थोडे तिकडे लावा.

मुलुंडपासून चांदिवली दहा किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश एका सेकंदात दोन लाख किलोमीटर जातो. तार सरळ गेली, तर इथून तिथे पोचायला त्याला एका मिलिसेकंदाचा विसावा भाग लागेल. तार सरळ जात नाही. ती रस्त्याखालून वळते, खांबांवर लटकते, एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे सोपवली जाते. तरीही प्रकाश तुमची पापणी लवण्याआधी जाऊन येतो.

पापणी लवू द्या.

पुन्हा एकदा.

या उपनगरांच्या जमिनीत हे काम बऱ्याच काळापासून मुरलेलं आहे. अंधेरीत सीप्झ, इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीचं क्षेत्र, १९७३ साली सुरू झालं. जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधनाची संस्था होती. आज तिथे सी-डॅक आहे. डॉट-इनने संपणारी नावं २००४ च्या अखेरपर्यंत त्याच संस्थेकडे नोंदवली जात. देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून, फोनच्या तारेवरून. ॲमेझॉनने भाड्याच्या सर्व्हरचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये उघडला. त्याआधी मुंबईतल्या कितीतरी साइट सिंगापूरच्या नाहीतर अमेरिकेच्या मशीनवर राहायच्या.

आणि पश्चिमेला वर्सोव्याचा किनारा. कोळीवाडा, वाळत घातलेली जाळी, ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू. त्या वाळूखालून समुद्रातल्या केबल शहरात शिरतात. दुबई, मार्से, सिंगापूर इथून येणारा प्रकाश.

या वाळूपाशी थोडा वेळ राहा.

वर कुणी चालतंय. खाली कुणाचा तरी प्रश्न येतोय.

आता हात कीबोर्डवर ठेवा. हलके. पहिली फाइल उघडा. डॉकर कॉम्पोजची यॅमल फाइल. कुठले कंटेनर उभे करायचे, ते हिच्यात लिहितात.

या फाइलीत काय कशाच्या आत आहे, ते डावीकडच्या मोकळ्या जागेवरून कळतं. दोन स्पेस म्हणजे एक पायरी आत. टॅब चालत नाही. म्हणून रिकाम्या जागेकडेही अक्षरांइतकंच लक्ष द्यायचं.

'सर्व्हिसेस' असं लिहा. त्याखाली, दोन स्पेस आत, 'प्रॉक्सी'. त्याच्याच रेषेत खाली 'ॲप'. त्याच रेषेत आणखी खाली 'डीबी', म्हणजे डेटाबेस.

तीन नावं.

त्यांच्याकडे बघत राहा. अजून ती रिकामी आहेत.

प्रत्येक नाव एक कंटेनर होणार आहे. कंटेनर हे वेगळं मशीन नसतं. त्याच मशीनवर, त्याच लिनक्स कर्नलवर चालणारी ती एक प्रोसेस असते. तिला फक्त स्वतःपुरतं दिसतं: स्वतःच्या फाइली, स्वतःचं नेटवर्क, स्वतःच्या प्रोसेसची यादी. त्या यादीत ती स्वतः बहुधा एक नंबरला असते. शेजारी दुसरी चालतेय, याची तिला खबर नसते.

कुणाला किती मेमरी आणि किती प्रोसेसर द्यायचा, हे ठरवण्याची सोय कर्नलमध्ये जानेवारी २००८ मध्ये आली. हे सगळे सुटे भाग हातात घेऊन सहज वापरता येतील असं डॉकरने केलं. मार्च २०१३ मध्ये सँटा क्लारा इथल्या पायथॉन परिषदेत सॉलोमन हाइक्सने ते पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात दाखवलं.

पाच मिनिटं. तुम्ही खुर्चीत बसून कदाचित तेवढाच वेळ झाला असेल.

प्रॉक्सीखाली इमेजचं, म्हणजे कंटेनर ज्या साच्यातून उभा राहतो त्याचं, नाव लिहा. एंजिनएक्स. नावापुढे आवृत्तीचा आकडा लिहा, पूर्ण. 'लेटेस्ट' लिहू नका. 'लेटेस्ट' आज एक असतं आणि पुढच्या पावसाळ्यात दुसरं. आपण काय बसवलं, हे फाइल वाचून कळायला हवं.

पुढची ओळ पोर्टची.

इथे बोटं उचला. थांबा.

'८०:८०'. आणि '४४३:४४३'.

डावा आकडा बाहेरच्या मशीनचा, उजवा कंटेनरच्या आतला. मधे दोन टिंबं, एकावर एक. त्या दोन टिंबांमधून सगळं जग आत येणार आहे. ८० हे जुनं, उघडं दार. तिथे आलेल्याला फक्त ४४३ कडे वळवायचं. ४४३ वर कुलूप असतं, आणि बोलणं बंद पाकिटातून होतं.

आता 'ॲप'च्या खाली या. तिथे पोर्टची ओळ नाही.

'डीबी'च्या खाली या. तिथेही नाही.

ही न लिहिलेली ओळ बघा. तिची जागा बघा. माझ्या मते या सगळ्या फाइलीत सर्वात मोलाची ओळ हीच, जी लिहिलेली नाही. डॉकर पोर्ट उघडतो तेव्हा फायरवॉलचे नियम स्वतःच लिहितो. तुम्ही वेगळं फायरवॉल लावलं असेल आणि निर्धास्त असाल, तरी पोर्टची ओळ त्याला वळसा घालून जाते. चाचणीपुरता म्हणून डेटाबेसला पोर्ट दिला, की ती निळ्या शाईतली नावं रस्त्यावर आली.

श्वास आत. ती नावं आत.

श्वास बाहेर. हळू.

मग हे तिघं एकमेकांना कसे सापडतील?

कॉम्पोज त्यांच्यासाठी एक स्वतंत्र नेटवर्क तयार करतो. त्या नेटवर्कमध्ये डॉकरचा स्वतःचा छोटा नामकोश असतो, १२७.०.०.११ या पत्त्यावर. प्रॉक्सी तिथे विचारतो, 'ॲप' कुठे आहे? उत्तर येतं, एकशे बहात्तरने सुरू होणारा एखादा पत्ता. तो पत्ता या मशीनच्या बाहेर कुणालाच ठाऊक नाही. बाहेरून त्याला हाक मारता येत नाही.

आतलं नाव आतच चालतं. शांतपणे.

दुसरी फाइल उघडा. एंजिनएक्सची कॉन्फिग.

'सर्व्हर', आणि महिरपी कंस. आत 'लिसन ४४३'. लिसन. ऐक.

या एका शब्दापाशी बसू.

एंजिनएक्स २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. इगोर सिसोएव्ह या रशियन प्रोग्रामरने ते लिहिलं. तेव्हाचा प्रश्न असा होता: एका मशीनने एकाच वेळी दहा हजार जणांचं ऐकायचं कसं? जुन्या पद्धतीत प्रत्येक आलेल्यासाठी एक वेगळी प्रोसेस बसवत. तो बोलो न बोलो, ती त्याच्यासाठी अडकून पडायची. हजार झाले की मशीनची दमछाक.

सिसोएव्हच्या रचनेत वर्कर मोजकेच असतात, साधारण जितके प्रोसेसर तितके. एकेक वर्कर शेकडो, हजारो जोडण्या सांभाळतो. इमेजसोबत येणाऱ्या फाइलीत त्यासाठी १०२४ हा आकडा असतो. वर्कर कुणापाशीही अडून राहत नाही. तो कर्नलला सांगतो, यांच्यापैकी कुणी काही बोललं तर मला उठव. आणि झोपतो.

कुणीतरी बोलतं. तो उठतो. जेवढं आलंय तेवढं घेतो, पुढे देतो. पुन्हा झोपतो.

हे बघा. एकदा नाही, थोडा वेळ.

जागं होणं. घेणं. देणं. निजणं.

ज्याचं नेट मंद आहे, जो घाटकोपरच्या गर्दीच्या फलाटावरून अक्षर-अक्षर पाठवतोय, त्याच्यासाठीही जोडणी उघडी आहे. त्याची वाट बघताना बाकीचे खोळंबत नाहीत. आणि त्याचं पूर्ण बोलणं जमा झाल्यावरच प्रॉक्सी ते ॲपकडे नेतो, म्हणजे ॲपचाही वेळ त्यात जात नाही.

तुमचा श्वासही आता तसाच चाललाय. येतो. जातो. त्याला धरून ठेवू नका.

पुढे 'लोकेशन', एक तिरकी रेघ. आत 'प्रॉक्सी पास', आणि पत्ता: 'ॲप', पोर्ट ३०००. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची की नाही, ते नीट ठरवा. शेवटी रेघ दिली तर एंजिनएक्स आलेला मार्ग उलगडून, नव्याने बांधून आत पाठवतो. दिली नाही तर जसा आला तसा. वाचनालयाच्या साइटला जसा आला तसाच बरा. मराठी नावं मार्गात येतात. त्यांना मधे हात लागू नये.

आता चार ओळी, मथळ्यांच्या, म्हणजे हेडरच्या.

या ओळी घाईत राहून जातात. राहिल्या तरी साइट उघडते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

ॲपच्या बाजूने बघा. त्याच्या जागी जाऊन बसा. त्याच्याकडे कोण येतं? फक्त प्रॉक्सी. दर वेळी तोच, त्याच एका आतल्या पत्त्यावरून. विक्रोळीचा विद्यार्थी असो की दहिसरच्या आजी, ॲपला दिसतो प्रॉक्सीच.

म्हणून प्रॉक्सीने सांगायला हवं. 'होस्ट': ते कुठल्या नावाने साइटवर आले. 'एक्स-रिअल-आयपी': ते कुठल्या पत्त्यावरून आले. 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर': वाटेत कोण कोण भेटलं. 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो': बोलणं कुलपातून झालं की उघड्यावर.

चार ओळी सावकाश टाइप करा. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम.

एक सावधपणा. 'फॉरवर्डेड-फॉर' ही चिठ्ठी कुणीही घरूनच लिहून आणू शकतो, हवा तो पत्ता घालून. एंजिनएक्स ती फाडत नाही. खाली खरा पत्ता जोडतो. तेव्हा ॲपला सांगून ठेवायचं: आपल्या प्रॉक्सीने लिहिलेल्या शेवटच्या पत्त्यावरच विश्वास ठेव.

आलेल्याची ओळख हरवू नये. आत असलेलं उघडं पडू नये. दाराकडून एवढं हवं आहे.

थोडं पाणी प्या.

पावसाचा जोर वाढलाय का? बघू नका. फक्त ऐका.

कुलपाचं काम राहिलंय.

त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा २०१५ च्या डिसेंबरमध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. त्याआधी सर्टिफिकेट बहुधा विकत घ्यावं लागे, आणि लहान संस्था त्याच्या वाटेला जात नसत. आता पैसे लागत नाहीत. तुम्ही मागता, ते म्हणतात, ही साइट तुमचीच आहे हे दाखवा, अमुक जागी अमुक फाइल ठेवा. मग ते स्वतः येऊन ती फाइल मागतात, ८० नंबरच्या दारावर. म्हणून ते जुनं दार बंद करून टाकायचं नाही.

ते आले. त्यांनी विचारलं. प्रॉक्सीने फाइल दिली.

दोन फाइली हाती येतात. एक सर्टिफिकेट, जे कुणालाही दाखवता येतं. एक खाजगी किल्ली, जी कुणालाच नाही. दोन्ही प्रॉक्सीला फक्त वाचण्यापुरत्या द्या. ओळीच्या शेवटी दोन अक्षरं, 'आर ओ'. वाच, पण बदलू नकोस.

सर्टिफिकेटला आयुष्य ९० दिवसांचं. साठेक दिवस झाले की नवं मागायचं. आणि नवं आल्यावर प्रॉक्सीला सांगायचं. तो आपणहून बघत नाही, जुनंच दाखवत राहतो.

सांगायचं कसं, ते बघण्यासारखं आहे.

आधी 'एंजिनएक्स, वजा टी'. फक्त तपासणी. तो फाइल वाचतो, काही बदलत नाही. व्याकरण ठीक, चाचणी ठीक, अशा दोन ओळी येतात. त्या येईपर्यंत पुढे जायचं नाही.

मग 'रीलोड'.

आता जे होतं ते सावकाश बघा. मुख्य प्रोसेस नवी फाइल घेऊन नवे वर्कर उभे करते. जुन्यांना म्हणते, नवं कुणाला घेऊ नका. हातातलं पूर्ण करा. जुना वर्कर लगेच उठून जात नाही. कुणीतरी यादी वाचतंय, अर्धी पोचलीय. ती पूर्ण पोचवतो. कुणाचा फोटो उतरतोय. तो उतरू देतो. शेवटचं उत्तर गेलं की निघतो.

बाहेर कुणाला काही कळत नाही. चालू असलेलं एकही उत्तर मधे तुटत नाही.

हे मनात पुन्हा एकदा घडू द्या. नवा येतो. जुना हातातलं पुरं करतो. जातो.

आता सगळं उठवा. 'डॉकर कॉम्पोज अप, वजा डी.'

नेटवर्क तयार. डीबी उभा. ॲप उभं. प्रॉक्सी उभा.

एंटरवरचं बोट तसंच राहू द्या क्षणभर.

मग तपासा. लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर जोडा, म्हणजे खरोखर बाहेरून येता येईल. साइटच्या नावाने ४४३ ला हाक मारा. पान उघडतं. कपाटांतली पुस्तकं, नावांनिशी.

आता ३००० ला हाक मारा. थेट ॲपला.

काही नाही.

डेटाबेसच्या पोर्टला.

काही नाही.

हे 'काही नाही' नीट ऐका. ते पुरेसं लांब ऐका. इथे उत्तर न येणं हेच हवं आहे.

शेवटी लॉग उघडा, 'वजा एफ' लावून, म्हणजे नवी ओळ आली की दिसेल. हात मांडीवर ठेवा.

वाट बघा.

साडेबारा होतात. एक ओळ येते.

डावीकडून वाचू. पहिला एक पत्ता, परदेशातला. न्यू जर्सीतल्या एडिसनचा असावा असं समजू. तिथे मराठी घरं पुष्कळ. इथे मध्यरात्र, तिथे दुपारचे तीन.

मग कंसात वेळ. लॉग म्हणतो संध्याकाळचे सात, आणि तारीखही कालची. कंटेनरचं घड्याळ ग्रीनिचप्रमाणे चालतं. एकच क्षण, मुलुंडला साडेबारा, एडिसनला तीन, लॉगमध्ये सात.

तिन्ही वेळा एकत्र धरा. सहज.

मग मार्ग. टक्क्याचं चिन्ह, ई शून्य. टक्क्याचं चिन्ह, ए चार. टक्क्याचं चिन्ह, ए ए. हे 'प' आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह तारेवरून तीन बाइटमध्ये येतं. प, काना, ऊ, स. चार चिन्हं, बारा बाइट.

पाऊस.

तिथे कुणीतरी शोधाच्या चौकटीत 'पाऊस' टाइप केलंय. अटलांटिक ओलांडून, वर्सोव्याच्या वाळूखालून, चांदिवलीतल्या एका रॅकपर्यंत तो शब्द आला, आणि प्रॉक्सीने तो जसा होता तसा आत नेला.

पुढे २००. मिळालं. पुढे उत्तर किती बाइटचं होतं, तो आकडा.

शेजारी ॲपचा लॉग उघडा. तिथेही तोच परदेशी पत्ता दिसतोय का? दिसतोय. त्या चार ओळी काम करताहेत.

एक श्वास, पूर्ण.

याच घटकेला घाटकोपरमध्ये कुणी मराठी विकिपीडिया उघडत असेल. तो विश्वकोश १ मे २००३ पासून चालू आहे. तिथेही पुढे असेच प्रॉक्सी उभे आहेत, कितीतरी मोठे; २०१८ पासून इकडच्या वाचकांसाठी ते सिंगापूरला आहेत. लेखाची प्रत जवळ असली तर तिथूनच देतात, मूळ सर्व्हरला उठवतही नाहीत. आकार वेगळा. उभं राहण्याची रीत हीच.

अजून एक गोष्ट बघून घेऊ, शांत असतानाच.

ॲपचा कंटेनर काढा आणि नव्याने उभा करा. नाव तेच, 'ॲप'. पण आतला पत्ता कधीकधी बदलतो. एंजिनएक्सने सुरू होताना जो पत्ता विचारून ठेवला, तोच तो धरून बसतो. मग पानावर ५०२ येतं. ॲप ठणठणीत असतं, प्रॉक्सीही ठणठणीत. फक्त एकाला दुसऱ्याचं नवं घर माहीत नसतं. रीलोड दिला की तो नाव पुन्हा विचारतो. पान उघडतं.

५०२ दिसल्यावर छातीत धस्स होतं. ते होऊ द्या. मग आधी लॉग वाचा.

आता कॉम्पोजची फाइल परत उघडा. अगदी वर जा, पहिल्या ओळीच्याही वर. वाचनालयात उद्या दुसरं कुणी हे सांभाळेल. कदाचित काउंटरवर बसणारी मुलगी, कदाचित एखादे निवृत्त गृहस्थ. त्यांच्यासाठी, हॅशचं चिन्ह देऊन, साध्या मराठीत लिहा. सावकाश, सुवाच्य:

बाहेर फक्त ८० आणि ४४३ उघडे आहेत.

सर्टिफिकेट ९० दिवसांचं. नवं आलं की प्रॉक्सी रीलोड करायचा.

रीलोडच्या आधी नेहमी 'वजा टी'.

५०२ आलं तर आधी ॲप चालू आहे का बघा, मग प्रॉक्सी रीलोड करा.

डीबीला पोर्ट देऊ नका. चाचणीपुरताही नाही.